कोरणीचें पहिलें यंत्र



आपल्या स्वयंपाकघरांतील एखादा जुना पितळी डबा हातांत घेऊन पाहिला, तर त्याच्या कांठाखालीं टिंबाटिंबांनीं घातलेलें एक नांव आढळतें. कोणाच्या तरी लग्नाचा किंवा मुंजीचा दिवस, आहेर करणाऱ्याचें नांव आणि ‘सप्रेम भेट’ हे दोन शब्द. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून छिन्नी व लहानशी हातोडी यांनीं हीं अक्षरें घालणारा कारागीर आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. पुढें त्याच्या हातांत विजेची लेखणी आली. आणि आतां त्याचीं मुलें विचारूं लागलीं आहेत कीं, संगणकाच्या हुकमानें चालणारें कोरणीयंत्र घ्यावें काय, आणि घ्यावें तर कोणतें? दारावरच्या पाट्या करणारे, शाळांना ढाली पुरविणारे, घरच्या घरीं भेटवस्तू तयार करून विकणाऱ्या भगिनी, या सर्वांसच हा प्रश्न पडतो. म्हणून आज त्याविषयीं बोलावयाचें योजिलें आहे.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या वडिलांचें सारें आयुष्य भांड्यांवर नांवें घालण्यांत गेलें. चिरंजीवांनीं एका प्रदर्शनांत यंत्र पाहिलें. लांकडाच्या फळीवर पांच-सात मिनिटांत गणपतीची सुरेख आकृति उमटली, भोंवतीं गर्दी जमली, आणि गृहस्थ मोहून गेले. कर्ज काढून यंत्र घरीं आणलें, नारळ फोडला, आणि पहिला मान म्हणून स्टीलचा डबा त्याखालीं ठेवला. यंत्राचें डोकें पुढेंमागें फिरलें, पंखा घोंघावला, आणि डब्यावर साधा ओरखडाहि उमटला नाहीं! यंत्र बिघडलें होतें काय? मुळींच नाहीं. धातूवर लिहिण्यासाठीं तें केलेलेंच नव्हतें. आणि विकणाऱ्यानें तें सांगितलें नाहीं, कारण यांनीं विचारलें नाहीं.

त्या यंत्रांतील किरण ‘सीओटू लेसर’ या जातीचा होता. हा लेसर प्रथम १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुमार पटेल यांनीं सिद्ध केला. त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतलें, हें ऐकून आपणांस कौतुक वाटेल. या किरणाची तरंगलांबी सुमारें १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित् अधिक. लांकूड, चामडें, कागद, अ‍ॅक्रिलिक आणि कांच हे पदार्थ ती शोषून घेतात व तापतात. उघडा धातु मात्र तिला बहुतेक सगळी परत फिरवितो. धातूवर विशिष्ट लेप फांसून कांहीं खूण उमटवितां येते. परंतु दिवसाला शंभर भांडीं यावयाचीं असतील, तर हा उपद्व्याप कोण करणार?

धातूसाठीं ‘फायबर लेसर’ पाहावा. त्याची तरंगलांबी सुमारें १.०६ मायक्रोमीटर, आणि ती पोलाद, पितळ, अॅल्युमिनियम यांवर उत्तम काम करते. पण त्याखालीं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ठेवलें, तर किरण आरपार निघून जातो. एकाचें अन्न तें दुसऱ्याला पचत नाहीं, असा हा प्रकार आहे. निळ्या किरणाचीं लहान, स्वस्त यंत्रेंहि मिळतात. लांकडावर तीं ठीक चालतात, मात्र पारदर्शक अ‍ॅक्रिलिक त्यांच्याहि आवांक्यांत येत नाहीं. आणि ज्यांस पितळी पाटीवर बोटाला लागेल अशी खोल कोरणी, किंवा दोन रंगांच्या थरांच्या पाट्या करावयाच्या आहेत, त्यांनीं फिरत्या पात्याचें यंत्र अजूनहि तुच्छ लेखूं नये.

म्हणून यंत्राच्या दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्याच दुकानाची वही उघडावी. गेल्या वर्षीं गिऱ्हाइकांनीं काय काय आणलें? भांडीं किती, लांकडी पाट्या किती, कांचेचे पेले किती? जें सर्वांत अधिक आलें, त्याचें यंत्र पहिलें. ‘सगळ्यावर चालतें’ असें जो सांगतो, त्याला आपल्या पिशवींतला डबा काढून द्यावा आणि ‘चालवून दाखवा’ म्हणावें. दाखविल्यावर तो डबा घरीं आणून आठ दिवस तारेच्या घांसणीनें घांसावा. वरवर काळीं केलेलीं अक्षरें आणि धातु खोदून काढलेलीं अक्षरें यांतील भेद घांसणीला बरोबर समजतो.

आतां एक अडचण सांगतों, जी परदेशी माहितीपत्रकांत कधींच छापलेली नसते. ती आपल्या लिपीची. यंत्राबरोबर येणारीं कांहीं सॉफ्टवेअरें रोमन अक्षरें धरून केलेलीं असतात. त्यांत ‘शिल्पा’ लिहावें तर वेलांटी भलत्याच जागीं जाऊन बसते. ‘ज्योत्स्ना’ लिहावें तर जोडाक्षराचे पाय मोडून तुकडे समोर येतात. यावर तोड आहे: चांगल्या चित्रण-सॉफ्टवेअरांत नांव लिहून त्याचें रेषाचित्रांत रूपांतर करावें आणि मग तें यंत्राकडे पाठवावें. तेथेंहि एक मेख राहाते. आपलीं अक्षरें शिरोरेघेनें एकमेकांस चिकटतात, आणि जेथें दोन अक्षरांच्या कडा एकमेकींवर चढतात, तेवढी जागा यंत्र कधीं कधीं कोरीच सोडतें. म्हणून त्या कडा आधीं सांधून एक कराव्या लागतात. इंग्रजी पाटी करणाऱ्याला ही यातायात नाहीं. आपल्याला आहे, आणि ती शिकविणारा मनुष्य विक्रेत्याकडे आहे कीं नाहीं, हें किंमत ठरविण्याआधीं विचारावें. लग्नाच्या आहेरावर वधूचें नांव मोडकें निघालें, तर गिऱ्हाईक यंत्राला दोष देत नाहीं.

किंमतीविषयीं थोडें. समजा, सर्व मिळून तीन लाख रुपये लागले. (हा आंकडा केवळ हिशेबासाठीं घेतला आहे.) तीन वर्षांत ते फेडावयाचे, तर महिन्याला ८,३३३ रुपये, आणि पंचवीस दिवस दुकान उघडें धरलें तर रोजचे ३३३ रुपये झाले, त्यांत व्याज, वीज आणि माणसाचा पगार नाहीं. नांव कोरण्यास वीस सेकंद लागतात असें विक्रेता सांगेल, आणि तें खरेंहि असेल. परंतु डबा नीट बसविणें, किरणाचें अंतर जुळविणें, नांव वाचून घेणें, यांस तीन मिनिटें लागतात, तीं माणसाचीं. गोल भांड्यासाठीं फिरवणी वेगळी घ्यावी लागते. तिची किंमत आधींच विचारलेली बरी. सीओटू यंत्राची कांचेची नळी न वापरतांहि जुनी होते आणि कांहीं काळानें बदलावी लागते. लग्नसराईंत यंत्र अडलें तर दुरुस्तीला कोण येणार, आणि किती दिवसांनीं?

आणखी दोन गोष्टी घरांतल्या माणसांच्या जिवाशीं निगडित आहेत. सीओटूचा किरण साध्या अ‍ॅक्रिलिकच्या झांकणानें अडतो. फायबरचा अदृश्य किरण त्यांतून पार होऊन डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोंचतो, आणि झालेली इजा भरून येत नाहीं. म्हणून चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा; शेजारच्याचा मागून आणलेला चालणार नाहीं. दुसरें असें कीं रेक्झिन किंवा पीव्हीसी कधींहि या किरणाखालीं ठेवूं नये. त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु निघतो. तो फुप्फुसांस बाधतो आणि यंत्राचे दांडेहि गंजवितो. रेक्झिनची पर्स चामड्याची म्हणून घेऊन येणारें गिऱ्हाईक आठवड्यांतून एकदां तरी भेटतेंच. त्याला हात जोडून परत पाठवावें.

माझ्या परिचयाच्या त्या गृहस्थांचें काय झालें, असें आपण विचाराल. त्यांनीं यंत्र परत करण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाहीं. मग ते लांकडी पाट्यांच्या धंद्यांत शिरले, आणि दोन वर्षें ओढाताण सोसून आतां बऱ्यापैकीं स्थिरावले आहेत. भांडीं अजूनहि त्यांच्याकडे येतात. तीं पायरीवर वडिलांसमोर ठेवलीं जातात, आणि वडील विजेची लेखणी उचलतात.