वर्डप्रेसचा ‘फाइल एडिटर’ मी बंद का करतो

वर्डप्रेसमध्ये लॉगिन केलं की ‘अपिअरन्स’ खाली ‘थीम फाइल एडिटर’ दिसतो. ब्लॉक थीम असेल तर ‘टूल्स’ खाली बघा. त्यात साइटचा खरा कोड उघडतो, अगदी मोबाइलवरसुद्धा. बदल केला, ‘अपडेट फाइल’ दाबलं की लगेच लाइव्ह. मोह होणारच!

पूर्वी फंक्शन्स डॉट पीएचपीमध्ये एक सेमीकोलन राहिला तरी साइट पांढरीफटक व्हायची, अ‍ॅडमिनही उघडायचं नाही. २०१७ च्या ४.९ आवृत्तीपासून पीएचपी सेव्ह करताना वर्डप्रेस स्वतः तपासतं आणि फेटल एरर आली तर बदल मागे घेतं. झकास. पण तपासतं काय, तर एडिटरचं पान आणि होमपेज. फक्त ऑर्डरच्या पानावर चालणारा कोड फुटला, तर त्याला पत्ताच नाही.

मी एका डबेवाल्या काकूंची साइट सांभाळतो. माझ्याआधी त्यांच्या भाच्याने ऑर्डरचा फॉर्म याच एडिटरमधून थेट मूळ थीममध्ये घातला होता. छान चालला की! मग थीमचं अपडेट आलं, काकूंनी बटण दाबलं आणि फॉर्म गायब. अपडेट जुन्या फाइली काढून नव्या ठेवतं, त्यात भाच्याचा कोड कुठून उरणार? पोस्टच्या जुन्या आवृत्त्या वर्डप्रेस जपून ठेवतं, या फाइलींच्या नाही. बॅकअपही नव्हता. दोन दिवस काकू एका हाताने पोळ्या लाटत, दुसऱ्या हाताने फोनवर ऑर्डरी घेत होत्या. फॉर्म मी पुन्हा लिहिला, पण चाइल्ड थीममध्ये. मूळ थीम अपडेट झाली तरी ती तशीच राहते.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला, त्याला हा एडिटर आयता मिळतो. तो हवा तो कोड चालवणार, गिऱ्हाइकांचे पत्ते-नंबर वाचणार. म्हणून डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये ‘डिसअलाऊ अंडरस्कोर फाइल अंडरस्कोर एडिट’ हा कॉन्स्टंट ट्रू करा, सगळी अक्षरं कॅपिटल. मेन्यूच नाहीसा होतो. चोर प्लगिन अपलोड करून तरीही घुसू शकतो, हे खरं. तेही बंद करता येतं, पण मग पॅनलमधून अपडेटही थांबतात. छोट्या साइटला ते मी सांगत नाही. त्यापेक्षा लॉगिनला ओटीपी लावा.

भाचा थोडा फुगला होता. आता तो लॅपटॉपवरच्या कॉपीत बदल करून बघतो आणि मग मला फाइल पाठवतो.