वाळूतली कोळीवाट

पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मासेमार गळ टाकायला ज्या पायवाटांनी जात, त्या जोडून आज सव्वादोनशे किलोमीटरांची ‘कोळीवाट’ झाली आहे. वास्को द गामाचं सीनिश गाव तिच्या उत्तर टोकाजवळच.

पोर्तु कोव्हू ते व्हिला नोव्हा द मिलफोन्तिश हा वीस किलोमीटरांचा टप्पा चांगलाच दमवतो. वाट बहुतेक मऊ वाळूची, पाऊल रुतत जातं, सावली जवळजवळ नाहीच. पाणी भरपूर घेऊनच निघावं. आणि हिरव्या-निळ्या खुणांची वाट सोडू नये. टेकड्यांची वाळू झुडपांच्या मुळांनी धरलेली असते, ती तुडवली की वाऱ्याचं फावतं.

पुढे सार्दांव भूशिराजवळ, लाटांत उभ्या सुळक्यांवर, वसंतात पांढऱ्या करकोच्यांची काटक्यांची घरटी अवश्य पाहावीत. एरवी हा पक्षी झाडांवर, धुराड्यांवर राहतो, समुद्रकड्यावर क्वचितच.