घोडनदीचा काठ



नदीविषयी बोलावयाचे म्हटले की आपण तिच्या पाण्याविषयीच बोलतो. धरणात किती, पिण्याला किती, उसाला किती, हा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. काठाचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. तो मांडण्यासाठी आम्ही आज आपणांस आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याला नेणार आहोत.

आहुपे हे घाटमाथ्यावरचे महादेव कोळ्यांचे गाव. एका अंगाला कडा तुटून खाली मुरबाडकडचे कोकण दिसते. दुसऱ्या अंगाला उतरणारे ओढे घोडनदीला जन्म देतात. हीच नदी पुढे डिंभ्याला अडते, घोडेगावावरून जाते आणि शेवटी भीमेला मिळते. डिंभ्याच्या जलाशयाखाली जी गावे गेली, त्यांत तालुक्याला नाव देणारे आंबेगावही होते. खालच्या बागायतीवर वरच्या माणसांचे हे ऋण आहे, ते ध्यानात ठेवून पुढचे ऐकावे.

काठ म्हणजे काय? उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज आणि त्यांच्या पायाशी निर्गुंडी. यांची मुळे माती धरतात, सावली पाणी निववते, गळलेल्या पाल्यावर पाण्यातले किडे जगतात आणि किड्यांवर मासे. हे छत्र तोडले की उघड्या जागेत ऊन शिरते, आणि उन्हामागोमाग घाणेरी व रानमोडी शिरतात. दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आणली गेली. तिची फळे बुलबुल खातात आणि बी रानोमाळ पेरतात. पाला गुरांना विषारी, म्हणून तिला चरणारा कोणी नाही. तिच्या जाळीखाली जांभळाचे रोप उगवले तरी वर येत नाही.

याला उतारा काय, हे आहुप्याची देवराईच सांगते. भैरवनाथाच्या नावाने राखलेल्या या रानासारख्या देवरायांचा अभ्यास डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला आणि त्यांचे मोल विद्वानांपुढे मांडले. छत्र अभंग असेल तेथे घाणेरीला ऊन मिळत नाही, आणि ऊन नाही तेथे ती फोफावत नाही. म्हणजे तण काढणे हे अर्धेच काम. सावली परत आणणे हे उरलेले अर्धे.

आता काम कसे करावे? घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सांगितलेली रीत साधी आहे. जमिनीखाली दोनतीन बोटांवर मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उपटून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे काम पावसाळा सरल्यावर, माती ओली असताना करावे. ऐन पावसाच्या तोंडावर काठ उघडा केला, तर तण जाते आणि मातीही जाते. म्हणून एकदम सारा काठ न सोलता तुकड्यातुकड्याने जावे, आणि आरंभ उगमाकडून करावा. नाहीतर वरून वाहून आलेले बी खालची मेहनत बुडवील. मग आषाढात देवराईच्या कडेला पडलेल्या बियांची रोपे लावावीत. गुलमोहर आणि गिरिपुष्प येथे नकोत, तीही परकीच. पुढची काही वर्षे नवी रोपटी उपटीत राहावे लागते. फोटो काढून परतणाऱ्यांचे हे काम नव्हे.

कोणी म्हणेल, घाणेरी सरपणाला येते, बांधाला कुंपण होते. खरे आहे. तिची जाळी काढावयाची तर शेतकऱ्याला दुसरे कुंपण द्यावयास हवे. निर्गुंडीला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. ती बांधावर लावावी. हा विचार न करता केलेली सफाई गावावरची जबरदस्ती ठरेल.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा. आहुप्याचे रान १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात आहे. हिरडा वेचून संसार चालवणाऱ्या घरांनी अनेकदा ‘येथे जाऊ नका’ हेच ऐकले. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा हक्क ग्रामसभेला मान्य केला आहे. तेव्हा कोणता ओढा आधी घ्यावा, कोणते झाड लावावे, हे गावाने ठरवावे. वनखात्याने आणि शहरातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी साहाय्य करावे. आणि मजुरी? उपटणारे हात बहुधा बायकांचे असणार. त्यांच्याकडून श्रमदान मागण्यापूर्वी डिंभ्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्यांनी आपला खिसा चाचपावा. धरणात गाळ कमी यावा ही गरज त्यांचीही आहे.

उगमावरच्या माणसाने फुकट राबावे आणि खालच्याने पाण्याचा हक्क सांगावा, हा व्यवहार आजवर चालला. काठाचा हिशेब मांडावयाचा तर पहिली दुरुस्ती येथेच करावी लागेल.