बातमी आणि तिची वाट

(ग्रामीण वार्ताहर, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या एका अभ्यासवर्गात, जिल्हा वार्ताहर म्हणून चाळीस वर्षे काम केलेल्या एका पत्रकाराने केलेले भाषण.)



‘बातमी कशी लिहावी’ या विषयावर मी बोलावे, अशी आयोजकांची इच्छा होती. त्यांची क्षमा मागून मी विषय थोडा बदलून घेतला आहे. बातमी कशी लिहावी हे सांगणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. लिहिलेली बातमी गावाबाहेर कशी काढावी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. माझी उमेदीची वर्षे पहिल्या कामापेक्षा या दुसऱ्या कामात अधिक खर्ची पडली, हे आज मोकळेपणाने कबूल करण्यास हरकत नाही.

मी १९७४ साली या व्यवसायात आलो. त्या वेळी तालुक्याच्या गावचे तारघर हेच वार्ताहराचे दैवत होते. वृत्तपत्रांच्या तारांना सवलतीचा दर असे. ज्याच्याजवळ ‘बेअरिंग’चे अधिकारपत्र असे, त्याला पैसे न भरता तार करता येई आणि तिचा आकार पुढे वृत्तपत्राकडून वसूल होई. मी मराठी मजकूर रोमन लिपीत लिहून देत असे. तारेत ‘मेळा’ आणि ‘मेला’ हे शब्द एकाच रूपाने जात. तेव्हा यात्रेत मेळा भरला की यात्रेत कोणी मेला, हे संपादक-मंडळींना मागचापुढचा संदर्भ पाहूनच ठरवावे लागे. तारमास्तरांशी स्नेह असणे हा त्या काळी पत्रकारितेचाच एक भाग होता. खिडकी बंद झाल्यावरही ‘आणा, एवढी एक लावून टाकतो’ असे म्हणणारे तारमास्तर मला लाभले, हे माझे भाग्य. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

जी बातमी दुसऱ्या दिवशी पोहोचली तरी चालण्यासारखी असे, तिच्यासाठी एस.टी. होती. शेवटच्या गाडीच्या वाहकाच्या हाती पाकीट द्यायचे आणि शहरातील स्थानकावर कार्यालयाच्या माणसाने ते उतरवून घ्यायचे. छायाचित्रांची फिल्मही तशीच जाई. या वाहक-चालकांचे ऋण मराठी वृत्तपत्रांनी पुरेसे मान्य केले आहे असे मला वाटत नाही.

याखेरीज ट्रंक कॉल होता. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत आणि तीन तास वाट पाहून लागलेला कॉल तीन मिनिटांत तुटत असे. या कॉलने मला एक धडा शिकवला, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. एका पुराच्या वेळी वाहून गेलेल्या माणसांचा आकडा मी दूरध्वनीवरून सांगितला. मी ‘सात’ म्हणालो; पलीकडे ‘साठ’ ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंक आला आणि दुपारपर्यंत त्या गावाकडे जाणारी प्रत्येक गाडी नातलगांनी भरून येऊ लागली. मुंबईहून निघालेला एक गिरणी कामगार, आपले सारे घर गेले असे समजून, रात्रभर प्रवास करून आला. त्याचे घर जागेवर होते आणि त्याची म्हातारी आई अंगणात भांडी घासत होती. तो तेथेच खाली बसला. मी त्या वेळी समोर होतो. त्याच्याशी काय बोलावे हे मला समजले नाही. त्या दिवसानंतर कोणताही आकडा मी कधी एकट्याने सांगितला नाही. ‘सात, सहाच्या नंतरचा सात’ असे म्हणायची मला सवयच लागली. आजही भाजीच्या दुकानात तोंडून तसेच निघते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. तेथे काय घडले ते आपण सर्व जाणता. वार्ताहराची अडचण अशी की, ज्या ठिकाणी बातमी होती त्या ठिकाणी दूरध्वनी नव्हता आणि ज्या ठिकाणी दूरध्वनी होता तेथे पोहोचेपर्यंत बातमी शिळी होत होती. मी दिवसभर पावसाने निसरड्या झालेल्या ढिगाऱ्यांतून हिंडलो आणि संध्याकाळी मिळेल त्या वाहनाने उमरग्याला गेलो. एस.टी.डी.च्या एका पिवळ्या फलकाखाली लांबलचक रांग होती. त्या रांगेत पत्रकार होते. परंतु त्यांच्याहून अधिक माणसे अशी होती, ज्यांना पुण्याला, मुंबईला, सोलापूरला आपल्या माणसांना एवढेच सांगायचे होते की, आम्ही वाचलो, अमुक गेला. माझ्या पुढे एक शिक्षक होते. ‘आपली बातमी हजारो लोक वाचतील, आपण आधी बोला,’ असे म्हणून त्यांनी मला जागा देऊ केली. मी ती घेतली नाही, असे सांगितले तर आपणास बरे वाटेल. पण मी घेतली. ते योग्य होते की नाही, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाले. तालुक्याच्या गावी ते पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागली. पुढे सायबर कॅफे निघाले, तेव्हा आता सर्व प्रश्न सुटले असे आम्हांस वाटले. प्रत्यक्षात एक नवाच प्रश्न उभा राहिला. त्या काळी मराठीचे निरनिराळे फॉन्ट होते आणि एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की नुसत्या चिन्हांचा कचरा दिसे. एका अपघाताची माझी बातमी अशीच गेली. ‘पाठविली’ म्हणून मी निश्चिंत झोपलो आणि सकाळी अंकात ती नव्हती. त्यानंतर पुष्कळ दिवस मी हाताने लिहिलेला कागद स्कॅन करून पाठवीत असे. युनिकोडचा प्रसार झाल्यावर हा घोळ मिटला. संगणकाच्या इतिहासात ही गोष्ट लहान असेल. मराठी वार्ताहराच्या दृष्टीने ती छापखान्याच्या शोधाइतकी मोठी आहे.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मग हे जुने पुराण मी आपणांसमोर का सांगत आहे? कारण ही साधने ज्या दिवशी सर्वांत अधिक हवी असतात, नेमकी त्याच दिवशी बंद पडतात. मोबाइलच्या मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली तर बॅटरी आणि डिझेल लागते. आणि मनोऱ्यापर्यंत येणारी तंतुवाहिनी पुष्कळदा ज्या रस्त्याच्या कडेने येते तोच रस्ता दरडीखाली जातो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी महाड आणि चिपळूण पाण्याखाली होते. रस्ते तुटलेले, वीज गेलेली, फोन मुके. मदत पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. त्याआधी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेलेल्या त्या गावाची खबर बाहेरच्या जगाला प्रथम कोणी दिली? नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एस.टी.च्या चालकाने. त्याला गाव जागेवर दिसले नाही.

अधिकारीवर्गापुढे मला जे मांडावयाचे आहे ते येथे आहे. नियंत्रण कक्षातील अधिकारी असो की वृत्तपत्राच्या कार्यालयातील उपसंपादक असो, संकटाच्या रात्री ज्या गावाकडून निरोप येतो त्याच गावाकडे त्याचे लक्ष जाते. ज्या गावाकडून काहीच येत नाही ते सुखरूप आहे, असे नकळत गृहीत धरले जाते. माझा अनुभव याच्या उलट आहे. पुराच्या दिवसांत मी तालुक्यातील गावांची यादी घेऊन बसत असे आणि ज्यांचा निरोप आला त्यांच्यापुढे नव्हे, तर ज्यांचा आला नाही त्यांच्यापुढे खूण करीत असे. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी त्या खुणांकडे. भामरागडकडील पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांशी संबंध तुटतो. सातपुड्यात आणि मेळघाटात तर चांगल्या दिवसांतही ‘रेंज’साठी टेकडी चढावी लागते. २०२० साली शाळा बंद असताना आपल्या विद्यार्थ्यांना अशा टेकड्यांवर बसलेले येथील काही शिक्षकांनी पाहिले असेल. त्या टेकड्या पोरांना ठाऊक असतात. तहसील कार्यालयाच्या नोंदीत त्या नसतात. त्या असाव्यात, अशी माझी सूचना आहे. कोणत्या गावात कोठे उभे राहिले असता फोन लागतो, ही एका पानाची माहिती शिक्षकांनी मुलांकडून एका तासात गोळा करता येईल.

वार्ताहर मित्रांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. तरुण मंडळी प्रथम छायाचित्र आणि चित्रफीत पाठवू पाहतात आणि चक्र फिरत राहते. अडीचशे शब्दांची मराठी बातमी साधारण पाच किलोबाइटची होते. फोनने काढलेले एक छायाचित्र तीन-चार मेगाबाइटचे, म्हणजे त्या बातमीच्या सहाशे ते आठशे पट असते. क्षीण संपर्कावर शब्द निघून जातात आणि चित्र अडकते. म्हणून आधी शब्द, मग लहान केलेले एकच चित्र, बाकीचे तालुक्याला पोहोचल्यावर. तेही जमत नसेल तर साधा एस.एम.एस. करावा. बोलणे होत नाही अशा ठिकाणीही तो पुष्कळदा जातो. देवनागरीत त्याची एका खेपेची मर्यादा सत्तर अक्षरचिन्हांची आणि रोमनमध्ये एकशेसाठची आहे. माझ्यासारख्या तारेवर वाढलेल्या माणसाला त्यात काही अवघड वाटत नाही! उपग्रह फोनचा सल्लाही कोणी देतात. परंतु आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि मृतांची नावे घरच्यांना कळण्यापूर्वी पाठवू नयेत. संपर्क कितीही उत्तम असला तरी.

आता पंचायतीकडे वळतो. ग्रामपंचायती तंतुवाहिनीने जोडण्याची योजना २०११ साली केंद्र शासनाने मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अनेक पंचायतींत आज संगणक आहे, जोडणी आहे आणि ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आहे. दाखले आणि उतारे यांसाठी त्याचा उपयोग होतोच. परंतु आणीबाणीच्या रात्री गावाचा आवाज बाहेर नेणारे तारघर म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी पावसाळ्यापूर्वी तपासलेली असावी. सामान जमिनीवर नव्हे, उंच फळीवर असावे. किल्ली दोन जणांकडे असावी आणि त्यांपैकी एक जण गावात मुक्कामाला असावा. त्या रात्री तलाठी, शिक्षक, आरोग्यसेविका आणि वार्ताहर यांपैकी जो येईल त्याला यंत्रापाशी बसू द्यावे, असा ठराव पंचायतीने आधीच करून ठेवावा. वार्ताहराला बसू देण्याचे काहींच्या जिवावर येते, हे मी जाणतो. तो उद्या पंचायतीविरुद्धही लिहील. लिहील, यात शंका नाही. पण किल्लारीच्या वेळची ती रांग मी विसरू शकत नाही. पत्रकाराचा निरोप आणि गावाचा निरोप एकाच तारेतून जात असतो.

किल्लीचा मुद्दा मी अनुभवावरून सांगितला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी कृष्णाकाठच्या एका गावी अडकलो होतो. निवृत्त झालो असलो तरी लिहिणे सुटलेले नाही. वीज गेलेली होती आणि फोन लागत नव्हते. पंचायतीचे कार्यालय उंचावर होते. आत संगणक होता, इन्व्हर्टर चालू होता आणि खिडकीतून जोडणीचा हिरवा दिवा लुकलुकताना स्पष्ट दिसत होता. दाराला मात्र कुलूप होते आणि किल्ली परिचालकाकडे. तो बिचारा पाण्यामुळे तालुक्याला अडकून पडलेला. आम्ही सातआठ जण पावसात त्या हिरव्या दिव्याकडे पाहत उभे होतो. कोणी म्हणे ग्रामसेवकांना विचारू, कोणी म्हणे सरकारी मालमत्ता आहे, उद्या चौकशी होईल. इतक्यात सरपंचबाई आल्या. गुडघाभर चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “कुलूप पंचायतीचंच हाय न्हवं? तोडा. सकाळी नवं आणू.”

एका पोराने पहारीने कुलूप तोडले. प्रथम तलाठ्यांनी तहसीलदारांना निरोप पाठविला : मळ्यातल्या वस्तीवर तेवीस माणसे, दोन गरोदर बायका, नाव हवी. त्यानंतर मी माझ्या नऊ ओळी धाडल्या. मग गावातल्या बायामाणसांनी आपापल्या पोरांना चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि शाळेचे गुरुजी पहाटेपर्यंत एकेक चिठ्ठी टंकून पाठवीत बसले होते. नाव सकाळी साडेनऊला आली.

पुढच्या मासिक सभेत त्या नव्या कुलपाचा खर्च मंजूर झाला. सरपंचबाईंनी दोन किल्ल्यांचे कुलूप आणविले होते.