कारखान्यातला खर्ज



रॉक संगीत म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचा धिंगाणा, असे पुष्कळांचे मत आहे. मी संगीतशास्त्री नव्हे. माझे आयुष्य युनियनच्या कामात गेले. पण हे संगीत कोणाच्या हातांतून आले, ते मला सांगता येईल.

त्याचे एक मोठे मूळ अमेरिकेतील काळ्या मजुरांच्या ब्लूज गाण्यात आहे. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या मळ्यावरचा मजूर. १९४३ साली तो शिकागोला आला आणि कागदाच्या कारखान्यात लागला. रात्री गुत्त्यांत गाताना गलक्यात साधी गिटार कोणाला ऐकू जाणार? म्हणून त्याने विजेची गिटार धरली. रोलिंग स्टोन्स या इंग्लंडातील मंडळीने १९६२ साली आपले नाव त्याच्याच एका गाण्यावरून घेतले.

त्याच इंग्लंडात बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा पोरगा तेथे पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करी. नोकरीचा शेवटचा दिवस होता. प्रेसवरचे माणूस आले नाही, म्हणून कधी न चालवलेल्या त्या यंत्रावर याला उभे केले. मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, तेव्हा तारा दाबायचा हात नेमका तोच!

पोरगा खचला. त्याच्या फोरमनने त्याला एक तबकडी ऐकवली. वादक होता जँगो राइनहार्ट; १९२८ च्या आगीत त्याची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो वाजवीत होता. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बारीक घेतल्या. पुढे १९७१ च्या तबकडीत काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. त्या ढिल्या झाल्या, बोटांना हलक्या झाल्या, आणि आवाज मात्र भारी झाला. हाच तो खर्ज. पुढे ‘हेवी मेटल’ म्हणून जगभर गेला.

त्यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या मंडळीची पहिली तबकडी १९७० ची. तिच्या पहिल्याच गाण्यात षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम, एवढेच स्वर संथपणे घुमतात. आपल्या यमनात हाच मध्यम किती गोड लागतो! येथे तो उघडा, एकटा येतो आणि अंगावर काटा उभा करतो. गायक ऑझी ऑस्बोर्न पूर्वी कत्तलखान्यात राबलेला.

कोणी म्हणतात, अपघात झाला हे संगीताचे भाग्य. हे मला मुळीच मान्य नाही. प्रेसवर बोटे गेलेले हात मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतून राग निघाला नाही, नुकसानभरपाईचे अर्ज निघाले. श्रेय द्यायचे तर त्या पोराच्या जिद्दीला द्या, तबकडी आणणाऱ्या फोरमनला द्या. यंत्राला कशाला?

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे बर्मिंगहॅममध्येच शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑझी सतरा दिवसांनी वारला. आयोमी तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता.