चौल, पनवेल आणि अमेरिकेची लढाई



४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी संबंध तोडले. त्याआधी चारच महिने, १ मार्चला, पुणे दरबार आणि इंग्रज यांच्यात पुरंदरचा तह झाला होता. पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडायचा, असं त्यात ठरलं. मुंबईकर इंग्रजांना हा तह जाचत होता. तो मोडायला एक निमित्त हवं होतं, आणि ते आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर येऊन उतरलं.

१७७७ साली चौलच्या बंदरात एक फ्रेंच जहाज लागलं. त्यातून सेंट ल्युबिन नावाचा गृहस्थ उतरला, घाट चढून पुण्याला गेला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुणे दरबाराचे कारभारी नाना फडणविसांपुढे उभा राहिला. अडीच हजार गोरे शिपाई आणतो, दारूगोळा पुरवतो, अशी त्याची बोली. माणूस बोलघेवडा, पाठीशी फौज नाही. पण त्याला धाडणारे आरमारमंत्री सार्तीन हे बडं प्रस्थ होतं. इंग्लंडला शह द्यायला तेच फ्रान्सचं आरमार उभं करत होते, आणि पुढच्याच वर्षी ते आरमार अमेरिकेच्या मदतीला गेलं. नानांनी या वकिलाची बडदास्त ठेवली. माझं तर मत असं, की नानांनी त्याचं पाणी जोखलं होतं. हा सारा थाट इंग्रजांच्या डोळ्यांत भरावा म्हणूनच होता.

तो भरलाही. त्यातच अमेरिकेत साराटोगाला इंग्रज सेनापतीनं शस्त्रं ठेवली, फ्रान्स युद्धात उतरला. पश्चिमेकडे गेलेली पत पूर्वेकडे सावरायची, असं कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं मनाशी घेतलं. मुंबईकरांना आणखी काय हवं होतं?

नोव्हेंबर १७७८ मध्ये पुण्यावर चालून जायला त्यांची फौज पनवेलला उतरली. लढणारे चार हजारांच्या आत, आणि सामान वाहायला एकोणीस हजार बैल! आज तासाभरात आपण पनवेलहून खंडाळ्याला पोचतो. त्या फौजेला तोफा ओढत बोरघाटाचा माथा गाठायला जवळजवळ महिना लागला. एवढ्या जनावरांना दाणावैरण कुठून मिळणार? आणि पुढे मराठ्यांनी तळेगाव जाळून मोकळं केलेलं. जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आले.

१७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रजांनी अमेरिका गमावली. इकडे हैदरअली, मराठे आणि फ्रेंच या तिघांशी एकदम लढणं त्यांना झेपेना. मे १७८२ मध्ये त्यांनी मराठ्यांशी सालबाईचा तह केला. मराठ्यांकडून घेतलेल्या ठाण्यांपैकी साष्टी ठेवली, वसई परत दिली. पण पोर्तुगीजांच्या आधीपासूनच्या वखारी सोडून पेशव्यांनी इतर कुणाही युरोपियनाला वखार घालू देऊ नये, हे कलम मात्र आठवणीनं घालून घेतलं. त्याचा सगळा रोख फ्रेंचांवर होता.