चषक घरी आला, पैसे कुठे गेले?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांच्या आठवणींवर बोला, असं मला सांगितलं होतं. पण आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत. मी एका हिशेबावर बोलणार आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या मुलांच्या संघाचा अर्ज आला होता. कोल्हापूर आणि साताऱ्याच्या चषक स्पर्धांना जायचं आहे, सोसायटीने मदत करावी, असा. त्यावर एक सभासद म्हणाले, “मदत कशाला? बक्षीस मिळवा आणि त्यातच खर्च भागवा.” टाळ्या पडल्या आणि विषय पुढच्या सभेवर गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. कारण हेच वाक्य तरुणपणी मी स्वतः एकदा बोललो होतो आणि त्याची किंमतही मीच मोजली होती. ती गोष्ट पुढे सांगतो.

आपण कुस्तीच्या मुलखातली माणसं. कुंडलचं मैदान म्हणा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा म्हणा, पैलवानाने कुस्ती मारली की इनाम त्याच्या हातात. ते बघत लहानाचे मोठे झाल्यामुळे आपल्याला वाटतं, स्पर्धा म्हणजे कमाई. पण पैलवानाच्या घरी जाऊन विचारा. वर्षभराचं दूध, तूप, बदाम कुणाच्या खिशातून जातं? बापाच्या. इनाम येतं ते यात्रेच्या हंगामात, खुराक मात्र रोज लागतो. आणि तिथे खाणारा एकटा असतो. फुटबॉलच्या संघात खेळणारे अकरा, बदली खेळाडू धरून अठरा.

आता कागद-पेन्सिल घ्या. मी आकडे अंदाजाने धरतो, तुम्ही तुमचे धरा. समजा, कोल्हापुरात सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा आहे. पहिलं बक्षीस २५ हजार. प्रवेश फी २ हजार. सांगलीहून जाऊन-येऊन टेंपो ट्रॅव्हलर ६ हजार. अठरा जणांचा नाश्ता-जेवण प्रत्येकी दीडशे रुपयांप्रमाणे २ हजार ७००. पाणी, पट्ट्या, स्प्रे आणि किरकोळ १ हजार ३००. म्हणजे एका सामन्याचा खर्च १० हजार.

सोळापैकी आठ संघ पहिल्याच दिवशी घरी जातात. प्रवेश फी धरून त्यांचे १२ हजार गेले. विजेत्याला मात्र चार सामने खेळावे लागतात आणि सामने वेगवेगळ्या दिवशी असतात. चार फेऱ्यांचे ४० हजार, फीचे २ हजार, एकूण ४२ हजार. बक्षीस २५ हजार. म्हणजे हरणारा १२ हजारांत सुटला आणि जिंकणारा १७ हजारांनी खड्ड्यात गेला! वर जिंकल्यावर मुलं म्हणणार, “काका, पार्टी?” तो खर्च मी धरलेलाच नाही.

हीच स्पर्धा सांगलीत असती तर गाडीचे २४ हजार वाचले असते. खर्च १८ हजारांवर आला असता आणि विजेत्याला ७ हजार सुटले असते. म्हणजे स्पर्धा परवडते की नाही, हे बक्षिसाच्या आकड्यापेक्षा मैदान घरापासून किती लांब आहे यावर जास्त ठरतं. जाहिरातीच्या फ्लेक्सवर बक्षीस मोठ्या अक्षरात असतं. गाडीभाडं कुणी छापत नाही.

मग परदेशात क्लब चषकावर श्रीमंत होतात ते कसे? तिकडचा हिशेब वेगळा आहे. इंग्लंडचा एफए चषक १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाला. त्यात अगदी खालच्या पातळीवरचे क्लब उतरतात, आणि सोडतीत एखाद्याची गाठ थेट बड्या क्लबशी पडते. तिकिटांच्या पैशातून दोन्ही संघांना वाटा मिळतो, टीव्हीचे पैसे वेगळे. २००५ च्या जानेवारीत एक्झिटर सिटी नावाचा कर्जात बुडालेला क्लब मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर खेळला आणि ०-० बरोबरी करून आला. प्रेक्षक सदुसष्ट हजारांवर. बरोबरी झाल्यामुळे सामना पुन्हा खेळवला गेला, तो एक्झिटरच्या घरच्या मैदानावर. तो ते हरले. पण दोन सामन्यांतून जे लाखो पौंड मिळाले, त्यातून त्यांनी देणेकऱ्यांची देणी भागवली.

दुसरं उदाहरण तुम्हाला आवडेल. मरीन हा लिव्हरपूलजवळचा, तेव्हा आठव्या पातळीवर खेळणारा क्लब. त्याचं मैदान घरांच्या परसाला लागून आहे, आपल्या कंपाउंडसारखं. २०२१ मध्ये टॉटनहॅमसारखा बडा संघ तिथे खेळायला आला, पण कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी. क्लबने दहा पौंडांची नुसती नावाची तिकिटं विकायला काढली. आत प्रवेश नाही, फक्त मदत. तीस हजारांहून जास्त तिकिटं खपली! शेजाऱ्यांनी आपापल्या परसातून सामना पाहिला. मरीन ५-० ने हरला, पण क्लबची तिजोरी भरली.

पण मंडळी, शेकडो क्लब उतरतात आणि अशी सोडत एखाद्यालाच लागते. शिवाय नियम बदलतात. बरोबरीनंतर पुन्हा खेळवायचा सामना २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांतूनही काढून टाकला. ज्या दुसऱ्या सामन्याने एक्झिटरला हात दिला, तो आता मिळणारच नाही. लहान क्लबांनी ओरड केली, पण निर्णय फिरला नाही.

आपल्याकडे मी जेवढ्या स्पर्धा पाहिल्या, त्यांत गेटचे पैसे भरवणाऱ्याकडे जातात. तेही बरोबरच, मैदान, पंच, मंडप हा खर्च त्यांचा. खेळणाऱ्याला बक्षीस तेवढं. मग कोल्हापूरच्या तालमी इतकी वर्षं फुटबॉल कशावर चालवतात? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं शाहू स्टेडियमवर गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहेत. त्यांच्यामागे त्यांची पेठ उभी आहे. वर्गणी आहे, देणगीदार आहेत. वर केएसएची लीग आहे. लीगमध्ये पहिला सामना हरलात तरी पुढचा ठरलेला असतो. चषक येतो तो त्याच्यावर, ताटातल्या गोडासारखा. गोडावर कुणी पोट भरत नाही.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला मी साताऱ्यात होतो आणि एका लहानशा क्लबचा खजिनदार होतो. नाव सांगत नाही, क्लब आता नाही. एका वर्षी आम्ही गावातलीच स्पर्धा जिंकलो. हातात रोख रक्कम, डोक्यात हवा. मी बैठकीत छाती काढून म्हणालो, “आता बक्षिसातच खर्च भागवू.” वर्गणी बंद केली. बाहेरचे दोन खेळाडू मानधनावर ठरवले, सगळ्यांना नवे बूट उधारीवर आणले. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत पहिल्याच सामन्यात पेनल्टीवर हरलो. बुटांची उधारी माझ्या पगारातून फिटली, त्याला सात महिने लागले. सौ. अजून म्हणते, “आपल्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष तुमच्या गोलकीपरनं खाल्लं.” त्या पोराचा काही दोष नव्हता. चूक हिशेबाची होती, आणि हिशेब माझा होता. वाईट याचं वाटतं की वर्गणी एकदा बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही. दोन वर्षांत क्लब विस्कटला.

सोसायटी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फ्लॅट विकला गेला की हस्तांतरण शुल्क येतं, जास्तीत जास्त २५ हजार. म्हणून आपण वॉचमनचा पगार त्याच्यावर लावतो का? पगार जातो मासिक देखभाल वर्गणीतून. अवचित आलेला पैसा राखीव निधीत टाकतो, नाहीतर पाण्याची टाकी दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं ही सोसायटी उभी आहे ती याच शिस्तीवर. मुलांच्या संघाला वेगळा नियम का लावायचा?

पालकांसाठी एक गोष्ट. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनांच्या अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. गावोगावच्या रोख बक्षिसाच्या चषकाची चालत नाहीत. तेव्हा शालेय आणि जिल्हा निवड चाचणीची तारीख चषकासाठी चुकवू नका.

मग चषकाला जायचंच नाही का? जायचं. दडपणाखाली खेळायची सवय तिथेच लागते. हरल्यावर टेंपोत गप्प बसलेली अठरा पोरं सांगली येईपर्यंत पुन्हा गाणी म्हणायला लागतात, हे शिक्षण बिनपैशाचं मिळत नाही. फक्त त्याला कमाई म्हणू नका. खर्च म्हणा, आणि आनंदाने करा.

पुढच्या सभेत मी पाठिंबा देणार आहे तो असा. सोसायटीने संघाला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, जिंको वा हरो. जवळच्या स्पर्धा जमतील तेवढ्या, लांबची वर्षातून एकच. बक्षीस आलं तर आधी उधारी, मग चेंडू आणि बूट, उरलं तर पार्टी. आणि मुलांनो, तुमच्यापैकी एकाने वही ठेवायची, तिमाहीला हिशेब नोटीस बोर्डावर लावायचा. खजिनदार कसा नसावा हे शिकायला माझ्याकडे या, चहाही मिळेल.

गेल्या सभेत टाळी वाजवली होती, ती आज मागे घेतो.